पिवळ्या कागदांवरची खूण

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दारावर टकटक झाली की मी पडद्याची कड उचलून आधी येणाऱ्याचे बूट बघते. बूट चकचकीत असले तर दार उघडत नाही. माझ्या नवऱ्याकडे, फेर्मिनकडे, या देशाचे कागद नाहीत, आणि आमच्या ट्रेलरांच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, वस्तीत अशी निम्मी घरं आहेत. मागे एकदा कोणीतरी गोड बोलून वस्तीतली नावं लिहून नेली आणि दोन महिन्यांत तीन घरं रिकामी झाली. दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताक फुंकतो म्हणून हसू नका.

अशा माझ्यासारखीला एर्लिंदाचा संशय यायला सतरा वर्षं लागली, यावरून ती बाई किती भरवशाची असेल ते समजा.

एर्लिंदा सावालेता मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातली. तिसरीत असताना बापाने शाळेतून काढून शेळ्यांमागे धाडली. इथे अमेरिकेत, याकिमा खोऱ्यात, सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये ती आणि मी एकाच महिन्यात लागलो. फळं वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या डाव्या अंगाला मी, समोर ती. फळ हातात आलं की न बघता, नुसत्या बोटांनी ती डाग ओळखते. नवरा अलास्काला मासळीच्या कारखान्यात गेला तो गेलाच. एकुलती मुलगी, ब्रिसेइदा, तिने एकटीने वाढवली. ब्रिसेइदा आता बावीस वर्षांची आहे आणि आमच्याच शेडमध्ये तिसऱ्या पट्ट्यावर उभी असते. शाळा तिने अर्ध्यात सोडली. "पोरगी गुणाची आहे, पण पुस्तकाचं डोकं नाही," असं सगळे म्हणायचे. मीही म्हटलंय, तेही तिच्या आईच्या तोंडावर. एर्लिंदा तेव्हा काही बोलली नव्हती.

बोलणार कशी? आम्ही कोमाद्रे. माझी यारेत्सी झाली तेव्हा बाप्तिस्म्याला तिला हातावर घेतलं ते एर्लिंदाने, पांढरा झगा शिवला तोही तिनेच. एकदा एखादी आपल्या लेकराची धर्ममाता झाली की तिच्याशी अरे-तुरे बंद. त्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकींना शिव्या घालत होतो, त्या दिवसापासून 'तुम्ही' सुरू झालं. कोमाद्रेला टाकून बोलायचं नाही, तिला लाज वाटेल असं काही काढायचं नाही. कोमाद्रेशी भांडणारीच्या घरातलं दूध नासतं, असं माझी आजी म्हणायची. चौदा वर्षं आम्ही इतक्या जपून वागलो की कधीकधी जुन्या शिव्यांची आठवण यायची.

गाडी माझी, पेट्रोल अर्धं तिचं, येणं-जाणं बरोबर. या फेब्रुवारीत एका गुरुवारी सुट्टी झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे कोमाद्रे, मला जरा काम आहे."

"कसलं काम?"

"आहे एक."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी वाटलं, असेल कोणी पुरुष. वाईट वाटण्याऐवजी मला जरा बरंच वाटलं. पण मग शेजारची तोमासा आली.

"अगं उबाल्दिना, तुझी कोमाद्रे दिसली मला. शाळेतनं बाहेर पडत होती, काखेत निळी फाईल. तिची पोर शाळा सोडून किती वर्षं झाली? आता काय ही स्वतः दप्तर घेऊन बसणार?"

"असेल काही काम."

"आपल्या वस्तीतल्या त्या पोरसाच्या बायकोकडेही गेली होती. पोरींची नावं विचारत होती, जन्मतारखा विचारत होती. मी काय म्हणत नाही बाई. तुझी कोमाद्रे आहे."

तोमासा 'मी काय म्हणत नाही' म्हणाली की समजायचं, सगळं म्हणून झालंय.

दोन दिवसांनी एर्लिंदा आमच्याकडे आली. मी आत घेवडा शिजत टाकत होते. बाहेर ती यारेत्सीशी हळू आवाजात बोलत होती. "त्या वर्गात किती वर्षं झाली गं तुला? गणिताच्या तासाला कुठे बसवतात?" मी हात पुसत बाहेर आले तर दोघी गप्प. एर्लिंदा म्हणाली, "घेवड्याचा वास छान येतोय कोमाद्रे." अजून पाण्याला उकळी आली नव्हती.

आणि मग ती फाईल. सोमवारी कॉफी आणायला एर्लिंदा उतरली आणि फाईल माझ्या गाडीत सीटवर राहिली. मी उघडली. लपवून काय करू? आत एक यादी होती. वस्तीतल्या मुलींची नावं, जन्मतारखा, आयांची नावं. चौथ्या ओळीत माझी यारेत्सी, तिच्यापुढे सात हा आकडा आणि त्याभोवती लाल गोल. मी फाईल होती तशी ठेवली.  सतरा वर्षं जिच्यासमोर उभी राहिले, जिच्या हातावर माझी पोर ठेवली, ती माझं घर कोणाच्या तरी हातात देत होती. फेर्मिनला मी काही सांगितलं नाही. तो रात्रीतून बांधाबांध करून निघाला असता.

गुरुवारी मी "व्हा पुढे" ऐकलं, पुढे झाले, आणि कोपऱ्यावरून गाडी वळवून शाळेत गेले.

ती वाचनालयात होती. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर अकरा बायका गुडघे हनुवटीला लावून बसल्या होत्या. एकीने शाळेतल्या मॅडमचं सोंग म्हणून कोणाचा तरी चष्मा नाकावर चढवला होता. तिच्यासमोर पोरसाची बायको रडवेली होऊन बसली होती, आणि एर्लिंदा, जी शेडमध्ये मुकादमाला कधी वर मान करून बोलली नाही, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बघ, मॅडम उठली," ती म्हणाली. "मॅडम उठली म्हणून तूही उठलीस. उठलीस की संपलं. ती हात पुढे करील, तू हात मिळवशील, थँक्यू म्हणशील आणि रिकामी घरी येशील. परत बस. कागदावर लिहून मिळेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आग लागली तर तेवढं उठायचं."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. मी दारातून विचारलं, "माझ्या पोरीचं नाव तुमच्या यादीत कशाला, कोमाद्रे?"

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. चौदा वर्षांत मी तिच्याशी असं बोलले नव्हते. एर्लिंदाने कमरेवरचे हात काढले.

"आलात तर बसा."

"बसायला आले नाही. ही यादी कोणाला देणार आहात?"

"कोणालाही नाही. तुमच्याकडे पिवळे कागद असतील. दर मे महिन्यात तुम्ही सही करून शाळेला देता आणि शाळेकडून परत येतात ते. घरी जा आणि यारेत्सीकडून वाचून घ्या. मग माझ्याशी काय भांडायचं ते भांडा."

कागद होते. बिस्किटांच्या डब्यात, सुईदोऱ्याच्या खाली. शाळेचा एकही कागद मी कधी फेकला नाही, त्याचा मला अभिमान होता. सात निघाले. यारेत्सीने पहिला वाचला, दुसरा वाचला, मग बाकीचे नुसते खालचे कोपरे बघितले.

"काय लिहिलंय?"

"दोन चौकोन आहेत," ती म्हणाली. "एकात लिहिलंय, मुलीला नेहमीच्या वर्गात घाला, मला शाळेशी बोलायचं आहे. दुसऱ्यात लिहिलंय, मुलीला भाषेच्या मदतवर्गातच ठेवा." ती थांबली. "आई, तू दरवर्षी दुसऱ्यावर खूण केलीस."

मदतवर्ग. पहिल्या वर्षी शाळेतल्या कोणीतरी दोन्ही चौकोन तोंडी सांगितले होते, त्यातला तो शब्द मला आठवत होता. मदत आहे, तर हो म्हणावं. शाळा काही देतेय आणि आपण नको म्हटलं तर कोणाच्या तरी डोळ्यावर येऊ. 'मला शाळेशी बोलायचं आहे' या वाक्याची तर मला धास्तीच होती. म्हणून सात वर्षं न विचारता, न वाचून घेता, दुसरा चौकोन. आणि तो वर्ग नेमका गणिताच्या आणि विज्ञानाच्या तासाला भरायचा. यारेत्सी मैत्रिणीकडून बीजगणिताचं पुस्तक आणून जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवायची, आणि मी म्हणायचे, शाळेत शिकवतात तेवढं पुरे की. यंदाच्या मे महिन्यात आठवी खूण झाली असती तर सप्टेंबरपासून मोठ्या शाळेतही तेच झालं असतं. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करण्याचं तिचं खूळ तिथेच मिटलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वस्तीभर मी चकचकीत बूट शोधत होते.

यारेत्सी रडली नाही. कागद परत डब्यात ठेवून तिने झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने मी तोवर फक्त परक्यांकडे बघत आले होते.

मी तशीच एर्लिंदाच्या ट्रेलरवर गेले. मला राग आला होता, आणि स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढायला कोमाद्रेसारखं जवळचं माणूस नाही.

"तुम्हाला माहीत होतं. आणि मला सोडून वस्तीला सांगत फिरलात."

"तीनदा आले होते सांगायला. तुमच्या घेवड्याचा वास घेऊन परत गेले."

"का?"

"तुमच्या तोंडावर कसं सांगू, की पोरीला तुम्हीच अडवलंत? कोमाद्रेला कोणी असं म्हणतं का?" मग ती उठली आणि फडताळातून एक पाकीट काढलं. पिवळे कागद. नऊ होते. "आणि मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

ब्रिसेइदाचे. सगळ्यांवर दुसरा चौकोन.

दोन हिवाळ्यांमागे एर्लिंदा चर्चच्या तळघरात वाचायला शिकायला लागली होती, हे मला माहीत होतं. एवढ्या वयात हे काय खूळ, म्हणून मी चेष्टाही केली होती. "इंग्रजी अक्षरं जुळायला लागली," ती म्हणाली, "तर वाटलं घरात काहीतरी वाचावं. घरात हेच होतं." तोवर ब्रिसेइदा तिसऱ्या पट्ट्यावर उभी होती.

"तिला सांगितलंत?"

एर्लिंदाने मान हलवली. नाही.

शाळेतली भेट एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी होती. एर्लिंदाने आधीच बजावलं, "मी बरोबर येईन. बोलणार नाही. पोर तुमची, तोंड तुमचं." मदतवर्गाच्या मिसेस होल्कमनी माझे सातही कागद टेबलावर पसरले आणि दुभाष्या बाईकडून सांगितलं की हे सगळं माझ्याच इच्छेने झालंय. सही माझीच ना?

"सही माझीच आहे," मी म्हणाले. "खूणही माझीच. मी वाचलं नव्हतं. आता वाचून घेतलंय. मला पहिला चौकोन पाहिजे, आणि बीजगणिताचा वर्ग पाहिजे."

त्या म्हणाल्या, विचार करू, कळवू. आणि हसत उठल्या, हात पुढे केला. माझे गुडघे आपोआप हलले, देवाशपथ. आमच्याकडे मास्तर उठला की बाप उठतो, पाद्री उठला की गाव उठतं. मी खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. त्यांचा हात तसाच राहिला, मी बसून राहिले, एर्लिंदा बाजूला भिंतीकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने मिसेस होल्कम परत खाली बसल्या आणि त्यांनी पेन उघडलं. त्यांनी लिहिलेला कागद मी तिथेच दुभाष्या बाईकडून वाचून घेतला. दोनदा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ब्रिसेइदा माझ्यापाशी येऊन बसली. "मिळाला का हो मावशी, यारेत्सीला वर्ग?"

"मिळाला."

"बरं झालं." तिने पोळीभोवतीचा चंदेरी कागद उलगडला. "एक विचारू? आई लोकांच्या पोरींसाठी दर गुरुवारी जाते. माझ्या वेळेला एकदाही शाळेची पायरी चढली नाही. मला कळत नाही तिचं काय चाललंय ते. काहीतरी लपवते माझ्यापासून."

एर्लिंदा समोरच बसली होती. तिने ऐकलं.  मी चौदा वर्षांचा नियम पुन्हा मोडला.

"कोमाद्रे," मी म्हणाले, "आता खुर्ची सोडू नका."

गुरुवारी माझ्या गाडीत आम्ही तिघी होतो. एर्लिंदाने मागे वळून पाकीट ब्रिसेइदाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "वाच, आणि मग मला काय बोलायचं ते बोल." शाळेच्या आवारात मी गाडी बंद केली. ब्रिसेइदाने पहिला कागद उघडला आणि मोठ्याने वाचला, आधी इंग्रजीत, मग आम्हाला समजावं म्हणून आपल्या भाषेत. मग दुसरा. अवघड शब्द आले, कायद्याचे, शाळेचे, माझ्या भेटीत दुभाष्या बाई जिथे चाचरल्या होत्या तेसुद्धा. नवव्या कागदाच्या शेवटच्या ओळीपर्यंत ती एकदाही अडखळली नाही. एर्लिंदा पुढच्या काचेतून बघत ऐकत होती, आणि पोरीला पुस्तकाचं डोकं नाही म्हणणारी मी तिच्या शेजारी बसले होते.