समुद्रावरून आलेल्या बादल्या

आमच्या गावापासून समुद्र एवढा लांब, की जालना जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी तो टीव्हीवरच पाहिलेला. तेव्हा कचऱ्याचं काय करावं हे शिकायला आमच्या पालिकेचे सदस्य ट्रॅव्हल्स करून कोकणच्या किनाऱ्यावर जाणार, हे ओघानंच आलं. शेजारच्या तालुक्यातही कचरा उचलायची बरी सोय होती म्हणे, पण तिथं मासे चांगले मिळत नव्हते.

तिकडं अभ्यास चालू होता आणि इकडं आमच्या खिडकीखाली उकिरडा जळत होता. गल्लीतला कचरा कोपऱ्यावर साठायचा आणि गाडी फिरकली नाही की कुणीतरी पुण्यवान माणूस त्याला काडी लावायचा. आईला दमा. धूर सुटला की मी खिडकी लावायचो, मग भर उन्हाळ्यात बंद खोलीत ती आणखीनच कासावीस व्हायची. मला त्या काडीवाल्याचा आणि अभ्यासकांचा सारखाच संताप यायचा.

आमच्या वॉर्डाचे सदस्य समोरच राहतात. ते रापून परत आले आणि थेट आमच्या ओट्यावर बसले.

"काय स्वच्छता हाये मावशी तिथं! मानूस शहाळं पेतो आन् करवंटी बराबर डब्यात टाकतो. बाटल्या अलग, भाजीचा पाला अलग. आता आपल्याकडं बी बिलकुल तसंच!"

हे सांगता सांगता त्यांनी गुटख्याची रिकामी पुडी ओट्याखाली टाकली.

शब्दाला मात्र जागले. घरोघरी दोन बादल्या आल्या, एक हिरवी, एक निळी, वर घट्ट झाकण. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, तोही मनात आलं तर. अशा गावात झाकणाची कोरी करकरीत बादली दिल्यावर बायका तिच्यात काय भरतील, हे कळायला समुद्र बघावा लागत नाही. नळ आला त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बादल्या काठोकाठ भरल्या, पाण्यानं. "नव्या बादलीत कचरा कोन टाकतं?" म्हणून आईनं मलाच झापलं. सदस्यांच्या दारात तर तसल्या बादल्यांची रांगच होती. कचरा बिचारा पहिल्यासारखाच कोपऱ्यावर गेला.

एका सकाळी पुन्हा धूर आला. मी खिडकी लावायला धावलो, तर आई खाटेवर नाही. ती बाहेर होती, खोकत, भिंतीला धरून. हिरवी बादली तिनं जळत्या ढिगावर पालथी केली होती आणि निळी ओढत आणत होती. मी ती तिच्या हातातून घेऊन ओतली. समोरून सदस्य तोंडात ब्रश धरून धावत आले.

"मावशी, पानी असं वाया घालून राह्यल्या? नळाचा काही भरोसा न्हाई!"

"पानी येईल आज न्हाई तर उद्या," आई धापा टाकत म्हणाली. "माझा जीव गेला, मंग तो कोन्त्या नळाला येनार हाये?"

सदस्यांनी तोंडातला फेस तिथंच थुंकला आणि घरात गेले.

त्या आठवड्यात नळ आलाच नाही. आमच्या दोन्ही बादल्या कोरड्याठाक पडून होत्या, आणि आई उघड्या खिडकीशी बसून चहा पीत होती.