फेरिक क्लोराइडचं सोवळं

आमच्या घरमालकीण काकूंइतकं कडक सोवळं पाळणारी बाई अख्ख्या सदाशिव पेठेत सापडणार नाही; फक्त ते देवघरात नव्हतं, गच्चीवरच्या माझ्या खोलीत होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात कुणीही यावं, कुठलाही डबा उघडावा. मी दर्यापूरकडचा, घरातला पहिलाच पदवीधर, बिचकून दारात थांबायचो, तर म्हणायच्या, "पाटी लावलीय का दाराला? ये आत." पण मी तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड आणून सर्किट बोर्ड घरीच करणार म्हटल्यावर त्यांच्यातल्या रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका जाग्या झाल्या. "देवाला सगळं चालतं रे. फेरिक क्लोराइडला चालत नाही. फरशीवर थेंब पडला तर डाग राहील, आणि तू जाशील."

त्या कामाचा शर्ट वेगळा, तो वेगळ्या दोरीवर वाळायचा. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, खाली रद्दी. पसरट ट्रे त्यांना मंजूरच नव्हता. तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्टीवर मार्करनं रेषा काढायच्या, पिशवी फाटू नये म्हणून कोपरे घासायचे, पट्टी घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून थोडंसंच द्रावण ओतायचं, वरून दुसरी पिशवी, आणि सगळं कोमट पाण्यात हलकेच हलवत राहायचं. रेषांखालचं तांबं तेवढं उरतं. वापरलेलं द्रावण मोरीत नाही, नाव लिहिलेल्या बाटलीत. एकदा नाक खाजवायला मोजा वर नेला, तर "शिवू नकोस!" अशा ओरडल्या की शेजारी गॅलरीत आले.

भोसरीच्या एका कारखान्यानं मुलाखतीला स्वतः केलेला, चालणारा बोर्ड मागितला होता. माझ्याकडे शेवटचीच पट्टी उरली होती. मी द्रावण ओतलं, पिशवी बंद केली आणि नेमका बाबांचा फोन आला. काकूंनी मला डोळ्यांनीच दटावलं आणि स्वतः फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"बाई, पोराले जमन ना जी?"

माझ्या कामाला कधी 'बरं' यापलीकडे काही न म्हणालेल्या काकू म्हणाल्या, "अहो, ओतताना याचा हात थरथरत नाही. माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांचा थरथरायचा. जमेल." मग माझ्याकडे वळून, "हलव ती पिशवी. रडतोस काय? चष्म्यावर वाफ धरेल."

बोर्ड चालला, नोकरी लागली. आता मी बिबवेवाडीत राहतो. बाबा आणि काकू अजून भेटलेले नाहीत, पण रविवारी फोनवर बोलतात. माझं कसं चाललंय हे एकमेकांनाच विचारतात, मला कुणी विचारत नाही. परवा बाबा म्हणाले, "बाईचा आवाज बारीक झाला रे. जाऊन ये." मी लगेच गाडी काढली.