ताणलेली जागा

चांगली ऑप्टिकल फायबर केबल म्हणजे आतल्या काचेच्या तारेला बाहेरचं काही कळू न देणारी केबल. वरून ट्रक जावो, माती सरको, तारेनं मुकाट प्रकाश न्यावा. साताऱ्यातल्या एका कारखान्यात मी अशा केबली डिझाइन करते. मुळात मी तापट, आणि माझ्या केबलला कोणी नावं ठेवली की माझं डोकंच फिरतं.

तार तिच्या नळीपेक्षा किंचित लांब ठेवावी लागते. केबल ओढली गेली तरी ताण तारेपर्यंत पोचू नये, म्हणून ही ढील. पण म्हसवडकडच्या थंडीत नळी आखडायची, सैल तार आत वाकायची आणि प्रकाश गळायचा. तक्रारींना वैतागून मी ढील कमी केली, आणि जरा जास्तच कमी केली. ही माझी चूक मिरजेच्या पुढे, कर्नाटकच्या सीमेकडच्या एका गावात उघडी पडली.

आमचं एक यंत्र तारेत प्रकाश सोडून, परत येणाऱ्या उजेडावरून, कुठल्या मीटरला तार ताणली आहे ते सांगतं. त्या गावाजवळ एकच जागा ताणलेली दिसत होती. पंधरा दिवसांनी पाहिलं तर ताण वाढलेला. पुढच्या पंधरा दिवसांनी आणखी. मागची-पुढची सगळी केबल शांत, आणि तेवढ्याच जागी कोणीतरी खालून अगदी सावकाश ओढतंय. मी यंत्राला शिव्या घातल्या, दुसरं मागवलं. त्यानंही तीच जागा दाखवली.

शेवटी मीच गेले. भर दुपार होती, वारा पडलेला. कंत्राटदाराला रस्त्याच्या कडेला खडक लागला, म्हणून त्या शहाण्यानं चर उसाच्या कडेनं रानातून नेला होता. कागदावर मात्र रस्ताच. फोनवर मी त्याचा यथेच्छ उद्धार केला. मग केबलचा जोड असलेल्या जवळच्या खड्ड्यापासून अंतर मोजलं, तिथे गुंडाळून ठेवलेली जादा केबलची वेटोळी वजा केली आणि चुन्यानं खूण केली. दोन मजूर खणायला लागले.

केबल लागली, पण सरळ नव्हती. ती खाली झुकली होती आणि तिच्याखाली माती नव्हतीच. काळी पोकळी होती, आणि त्या उन्हात तिच्यातून गार हवा येत होती. मी केबलवर हात ठेवला. ती वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ होती. एका मजुरानं कुदळ खाली ठेवली.

"बाई, हितं खाली कायतरी हाय. आमी न्हाई खणत."

मी त्याच्यावर ओरडणार होते. तेवढ्यात मागून कोणी विचारलं, "किती खोल गेलीया?"

उसाला टेकून एक म्हातारा उभा होता. कपाळाला विभूती, पाय अनवाणी; चपला लांब बांधावर काढून ठेवलेल्या. तो कधीपासून तिथे होता कोण जाणे. रान त्याचंच होतं. सगळे त्याला आप्पा म्हणत. जन्म फौजेत गेलेला.

"आमच्यात माणसाला बसवून माती देत्यात, आपल्याच रानात," तो म्हणाला. "आमची मालकीण गेली तवा मी बॉर्डरवर. भावानं माती दिली, वर धोंडा ठिवला. फुडं रान सपाट करताना धोंडा हलला. आता भाऊ बी न्हाई. ती कुठं बसलीया, सांगणारं कोण ऱ्हायलं न्हाई. दर आवसंला अंदाजानं पाणी घालतोय. तिच्यापतूर जातंय का न्हाई, कळत न्हाई."

म्हणजे तिच्याभोवतीची पोकळी इतक्या वर्षांनी ढासळत होती आणि केबलला सोबत नेत होती. कारण सरळ होतं, तरी माझ्या अंगावरचा काटा जाईना. ढील मी बरोबर ठेवली असती तर तारेला काहीच कळलं नसतं. मी खणणं थांबवलं. खड्डा आप्पांनी स्वतःच्या हातांनी बुजवला, वर धोंडा ठेवला, पाणी घातलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, आता ती हलली तर तुज्या तारेला कळंल न्हवं?"

नाही म्हणायला हवं होतं. तो चेहरा बघून मी "कळेल, आप्पा" म्हणाले.

पुढे मी डिझाइन सुधारलं. ढील पुरेशी ठेवून नळीच कमी आखडेल अशी केली, आणि तिथला तुकडा बदलून पोलादी पाइपातून नेला. आता खाली काहीही हललं तरी तारेला कळणार नव्हतं. तेव्हापासून दर अमावस्येला आप्पांचा फोन येतो. "हलली का?" "नाही आप्पा, शांत आहे." एवढंच बोलणं. प्रत्येक वेळी मला माझी लाज वाटते, आणि प्रत्येक वेळी मी तेच सांगते.

परवा मात्र अमावस्या नसताना फोन आला. आवाज खाली आलेला.

"पोरी, धोंडा वीतभर खाली गेलाय. कालपासनं मला कुणी बोलीवल्यागत वाटतंय. तुजं यंत्र काय म्हंतंय?"

मी पडद्याकडे पाहिलं. त्या जागेवरून रेषा सपाट गेली होती. ती सपाट राहावी म्हणून मी आठ महिने खपले होते. पलीकडे आप्पा माझ्या उत्तराची वाट बघत होते.