शेवटचा एक चेंडू

माळ्यावरच्या जुन्या ग्लोव्हच्या चामड्याचा वास आला, की मला एका जागी बसवत नाही. नेकनूरजवळच्या आमच्या गावचा माझा मित्र, बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर, परदेशी क्लबाशी करार करून आला होता, आणि लहानपणापासून त्याचे चेंडू मीच झेलायचो. भर दुपारी बाजारतळावर त्याच्या सत्काराची हलगी वाजली, फेटा बांधून झाला, आणि कुणीतरी ओरडलं, "एक बॉल टाकून दाखव की!" खांदा मोकळा न करताच त्यानं टाकला. मग मास्तरांसाठी एक, मामांसाठी एक, पाहुण्यांसाठी दोन. कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. दहाबारा चेंडूंनंतर माझ्या ग्लोव्हमधला टणक आवाज मऊ पडला, आणि मला कळलं. तो जवळ येऊन पुटपुटला, "खांदा लई दुखायलाय बे, बास म्हण त्यायला." मी भोवतीच्या उंचावलेल्या मोबाइलांकडं पाहिलं आणि हसत म्हणालो, "माझ्यासाठी एक टाक, मग बास." त्यानं जीव लावून टाकला आणि खांदा धरून खालीच बसला. परदेशी जाणं राहिलं ते राहिलंच. आता सिरसाळ्यात त्याचं बियाण्याचं दुकान आहे. मी गेलो की हसून चहा मागवतो, आणि कप डाव्या हातानं पुढं करतो.