खऱ्या नावाचा अर्ज

कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांत परदेशातून आलेल्या हर्मिनिओने राहण्याच्या परवान्याशिवाय नऊ वर्षं काढली. पोलिसांना माग लागू नये म्हणून त्याने पगाराच्या पावत्या जाळल्या, दर वर्षी खोली बदलली आणि कुणाशी ओळख वाढू दिली नाही. हे काम त्याने अगदी चोख केलं. मग १९८७ साली सरकारने अशा बेकायदा राहणाऱ्यांना माफी आणि परवाना देऊ केला. फक्त इतकी वर्षं इथेच होतो, याचा पुरावा हवा होता.

"पावती नाही तर साक्षीदार आणा," चर्चमध्ये अर्ज भरून देणाऱ्या ओफेलियाबाई म्हणाल्या. "तुम्हाला ओळखणारं कुणीतरी असेलच की, हर्मिनिओभाऊ."

त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "एकदा पोलिसांनी धरलं होतं. त्यांच्याकडे नोंद असेल."

"कुठल्या नावाने?"

"खोट्या."

बाईंनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. हर्मिनिओने सावकाश आपलं खरं नाव लिहिलं. साक्षीदाराची ओळ कोरीच राहिली.