वडिलांची बॅटरीची सायकल
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला वडिलांची बॅटरीची सायकल आठवते. नाल्यात पडून त्यांचा पाय मोडला, त्यात सळई घातली आणि जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस खाटेला खिळला. दिवसभर ते माळाकडं बघत बसायचे आणि आईवर चिडायचे. मी तेव्हा हिंगोलीला आयटीआयमध्ये वायरमनचं शिकत होते. औंढ्याहून स्वस्तातली एक जुनी बॅटरीची सायकल आणली, आखडलेल्या पायासाठी एका बाजूचं पायडल काढून लोखंडी पट्टी बसवली, कॅरिअरवर जादा बॅटऱ्या जोडल्या आणि लोडशेडिंगमधून लाईट मिळेल तशी ती चार्ज केली. "माळापर्यंतच जा. पुढं गेलात तर बॅटरी बसंल," मी बजावलं. पहिल्याच दिवशी ते सायकलवरून भावामागं माळावर गेले. संध्याकाळी भाऊ एकटाच मेंढरं घेऊन परतला. "ते मागून येऊन राहिले," म्हणाला. अंधारून आलं तरी कुणी येईना. आई दारातून रस्त्यापर्यंत नुसती येरझारा घालत होती. शेवटी आम्ही दोघी निघालो. माळावर सायकल उभी होती आणि शेजारी ते धोंड्यावर बसलेले. "बॅटरी बसली का?" मी विचारलं. "न्हाई, हाय आजून," ते म्हणाले, "घराकडं वळावंच वाटंना." आईही शेजारी टेकली. वडील जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. घरात जीव रमेनासा झाला की मी स्कूटी काढून माळापर्यंत जाते, आणि अंधार पडला तरी मलाही परत निघवत नाही.