न्हाणीच्या दाराची कडी

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि गेली चौदा वर्षं नांदेडच्या एका सरकारी कचेरीत फायली सांभाळतो. जळकोटला, माझ्या सासरवाडीत, या वाक्याचा पहिला अर्धाच भाग लक्षात ठेवतात.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मेहुणीला, वंदनाला, बघायला उदगीरचे पाहुणे यायचे होते. मुलाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. सासरे नाराज होते. "थोरला जावाई इंजिनिअर, आन् धाकटा गेट बनविणारा?" असं ते चारचौघांत म्हणायचे. (मी नम्रपणे खाली बघायचो.)

आदल्या दिवशी न्हाणीच्या पत्र्याच्या दाराची कडी तुटली. सासरे वेल्डिंगवाल्याला बोलवायला निघाले. मी अडवलं.

"मामा, वेल्डिंग कशाला? असे स्क्रू मिळतात, पत्र्यात शिरताना आटे सोताच पाडतात. मागून नटसुद्धा लागत नाही."

"सोताच?" सासरे सासूबाईंकडं वळले. "ऐकलं का? ह्याला म्हणतात शिक्षण."

मग काय! मी नवी कडी आणली, स्क्रू मजबुतीसाठी चांगले लांब घेतले, छिद्रं अंदाजानं पाडली आणि आतल्या बाजूनं चार स्क्रू पिळले. घट्ट बसले. तरी पिळले. सासरे बघत होते, म्हणून आणखी पिळले.

सकाळी सासरे आंघोळीला गेले. कडी जड लागली म्हणून त्यांनी जोर लावून ती आत सारली. आंघोळ झाली, पण कडी मागं येईना. स्क्रू पिळून पिळून मी पत्राच वाकवला होता, आणि दांडा त्यात अडकून बसला होता.

मी दारावरून पेचकस आत टाकला. "मामा, स्क्रू डावीकडं फिरवा."

"तुमच्या डावीकडं का माझ्या?"

मी हवेतच हात दोन्हीकडं फिरवून पाहिला. (चार वर्षांच्या पदवीत हा प्रश्न आला नव्हता.)

"दोन तर बोटानंच निघाले," आतून आवाज आला. "बाकीच्यांच्या डोक्यावर खाचच राहिली न्हाई. पेचकस नुसता घसरून राहिला."

तेवढ्यात पाहुणे दारात. मुलाच्या वडलांनी विचारलं, "यजमान कुठं हायेत?"

"इथंच हाय, बसा," न्हाणीतून सासरे म्हणाले. "परवासात तरास न्हाई ना झाला?"

माझ्या बायकोनं, सवितानं, सगळं सांगून टाकलं. मुलगा, बालाजी, चहा ठेवून उठला. त्यानं दार बाहेरून पाहिलं. माझ्या लांब स्क्रूंची टोकं पत्र्यातून बोटभर बाहेर आली होती. त्यानं पक्कड मागितली, टोकं धरून दोन्ही स्क्रू बाहेरूनच फिरवले. कडी आत खाली पडली. सासरे टॉवेलवर बाहेर आले आणि त्यांनी पाहुण्यांना नमस्कार केला.

"कडी कुणी बसविली?" बालाजीनं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघत राहिले.

"छिद्र बेताचं पाडायचं, दादा," तो हळूच म्हणाला. "आन् स्क्रू बसला की थांबायचं. पत्रा पातळ ऱ्हातो."

"ह्यांना तेच कळत न्हाई," सविता म्हणाली.

वंदना पदराआड हसली. सासऱ्यांनी कपडे घालायच्या आधीच स्थळ पसंत असल्याचं सांगितलं.

लग्न दणक्यात झालं. मांडवात मी एक खुर्ची सरकवायला उचलली, तर तिघं धावत आले आणि म्हणाले, "राहू द्या इंजिनिअरसाहेब, तुम्ही नुसतं बसा."


मी बसलो. तेही जरा जपूनच.